दुमडलेलं पान

नायगावच्या बसस्टॉपवर, बाकावर माझ्या शेजारी दोन शिक्षिका बसल्या होत्या. एकीचं बोट पुस्तकात होतं.

"सुचित्रा, नववीच्या पोरांसाठी असली पुस्तकं तुला सापडतात कुठे?"

"एक ब्लॉग आहे. एक बाई पुस्तकांवर लिहिते. ह्याच्याबद्दल लिहिलेलं, एक मुलगी दुपारची गच्चीवर वाळणाऱ्या साड्यांमधून चालत राहते आणि आपल्याला वाटतं, ह्या साड्या संपूच नयेत."

"आणि गोष्ट काय?"

"गोष्ट ती कधीच फोडत नाही."

"म्हणजे तू न वाचताच मुलांना दिलंस?"

"त्या साड्यांवरच भाळले गं. प्रज्ञाला दिलं."

"जिची आई दिवाळीत गेली, ती?"

"तीच. पुस्तकातल्या मुलीचीही आई जाते. ब्लॉगवर ते नव्हतं."

"बापरे. रडली असेल."

"काल पुस्तक परत केलं. म्हणाली, मॅडम, तुम्ही वाचलं नाहीये ना? वाचा. आई जाते ते पान मी दुमडून ठेवलंय. ते बसमध्ये वाचू नका, आजूबाजूला माणसं असतात."

"एवढंच?"

"म्हणाली, पण तिथे थांबू नका. साड्या त्याच्यानंतर येतात. आईच्याच आहेत."

दुसरीने येणाऱ्या बसला हात केला.

"बस आली. तू हो पुढे, दीपिका."

"आणि तू?"

"पुढचंच पान आहे ते."

बस निघून गेली. दोघी तिथेच होत्या. मी उठलो आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून बसलो.