शिट्टीवरचा उतारा

भाची : एकूण पाच आहेत, मामा. डबीत बावीस, सत्तेचाळीस, शंभर आणि दोनशेवीस पिकोफॅरडचे एकेक कपॅसिटर. पाचवा आजोबांच्या ऐकण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. चारशेसत्तरचा.

मामा : तो मीच बसवला, रविवारी. हेडफोन लावला की शिट्टी वाजायची. बाबा म्हणाले, घरात कुकर आहे तेवढा पुरे.

भाची : मग शिट्टी थांबली?

मामा : एका दमात! औषध जरा जास्तच घालावं, म्हणजे दुखणं पुन्हा डोकं वर काढत नाही.

भाची : आणि आजोबांनी जेवायला बाहेर येणं कधी सोडलं?

मामा : सोमवारी. पण त्याचा याच्याशी काय संबंध? उरलासुरला कानही गेला, म्हणतात. तुझी आजी ताट खोलीत नेऊन देते आणि डोळे पुसत परत येते.

भाची : मामा, हा कपॅसिटर शिट्टीबरोबर बारीक आवाजही कापतो. जितका मोठा, तितकं जास्त. शेजारचा रेझिस्टर एक लाख ओमचा आहे. म्हणजे साधारण साडेतीन हजार हर्ट्झपासूनच आवाज पडायला लागतो. 'स', 'श', 'फ' यांचा बराचसा भाग त्याच्या वर; तोच कापला की शब्द कळत नाहीत.

मामा : थांब, थांब. म्हणजे बाबांचा कान गेला नाही. मी घालवला.

भाची : बहुतेक.

मामा : बहुतेक काय! काढ तो आधी. सगळ्यात छोटा घाल.

भाची : हा बावीस. आवाज पूर्ण वाढवते.

मामा : आली बघ शिट्टी! बारीक आहे, पण आहे.

भाची : सत्तेचाळीस... गप्प आहे. पण हात जवळ नेला की कुरकुरतो. काठावरचं नको. शंभर घालते. सोळा हजारांपर्यंत वाट मोकळी.

मामा : आणि माणसाचं बोलणं?

भाची : त्याच्या बरंच खाली.

मामा : मग चल. पण चूक माझी, हे मीच सांगणार. तू मध्ये तोंड घालू नकोस.

(आजोबांची खोली. त्यांच्या कानांवर हेडफोन. भाची माइक घेऊन पाठमोरी उभी.)

मामा : बाबा, तुमचा कान ठीक आहे. हा ऐकायचा डबा मी बिघडवला होता.

आजोबा : तू?

मामा : मी.

आजोबा : गाढवा! चार दिवस मी तुझ्या आईवर खेकसतोय, नीट बोल म्हणून. मला वाटलं, संपलं आता. तिचा आवाजही... जाऊ दे. हिला पाठ करून का उभं केलंस?

भाची : माझे ओठ दिसायला नकोत, आजोबा. वीस शब्द वाचते. ऐकू येईल ते लिहा.

आजोबा : वाच. भरभर वाचू नकोस.

(भाची वीस शब्द वाचते. आजोबा कागदावर लिहितात.)

मामा : झालं? दाखवा की, बाबा.

आजोबा : तुला नाही, हिला. पंधरावा 'फाटा' होता की 'काटा', ते कळलं नाही. खोटं कशाला सांगू?

मामा : अगं, बोल ना. किती?

भाची : वीसपैकी एकोणीस.