खाली लगन, वर होस्टेल

मी मूळची बोरगावची, सौसरजवळचं बोरगाव. बाप संत्र्याच्या बगीच्यात मजुरीले जाये, माय कापूस वेचाले, आन् आमा भावंडायत शिकाची हौस मलेच, ते कुठून आली काय सांगू तुमाले, घरात पुस्तक नावाची वस्तू नव्हती. शाळेतल्या गुरुजीनं बापाले म्हणलं का पांढुर्ण्याले संस्थेचं पोरीयचं होस्टेल आहे, पैसे लागत नाही, पाठव. बाप म्हणे पाठवतो, पण पोरगी उपाशी त नाही राहणार न. गुरुजी म्हणे मी आहो. तेच गुरुजी पुढं संस्थेचे सचिव झाले, आजही आहेत, म्हणून त्याईच्याबद्दल वाईट बोलाले माही जीभ रेटत नाही, पण झालं ते सांगते.

बारवीपर्यंत मी त्याच होस्टेलात राह्यली. लगन पांढुर्ण्यातच झालं, माहे मालक मंडईत संत्र्याच्या गाड्या भरतात. लेकरं मोठे झाले तवा गुरुजीनं बोलावलं, म्हणे शोभा, पोरीयकडे पाहाले कोणी टिकत नाही, तू ये. तवापासून मी तिथंच, पोट्ट्या मावशी म्हणतात.

आता संस्था कशी चाले ते पाहा. पहिले म्हातारे व्यापारी होते, संत्रा विकला का संस्थेचा वाटा बाजूले काढून ठेवत, कोणी डाळ पाठवे, कोणी गहू, पण माहं नाव लावा असं कोणी म्हणत नव्हतं. ते म्हातारे गेले. त्याईचे पोरं नागपूरले राहाले गेले, ते देत नाही असं नाही, जामसांवलीच्या हनुमानाच्या रस्त्यावर मोठे भंडारे लावतात, देवाले देतात, पण पोरीयले देताना हात आखडते. एकानं कूलर देला, त्याच्यावर बापाचं नाव मोठ्या अक्षरात, फोटो काढला आन् गेला, इथं बिजलीचं बिल भरणं होत नाही, कूलर काय कामाचा. सरकारचं अनुदान येते, पण त्याच्या येण्याचा नेम नाही, आन् किराणावाला त्याच्यासाठी थांबत नाही. मंग दूध बंद झालं, वरण पातळ झालं, वरच्या खोलीचं छत गळे त पोट्ट्या गाद्या ओढून एका कोपऱ्यात झोपत.

मंग कमेटीनं ठरवलं का खालचा हॉल लगनाले किरायानं द्यायचा. पहिले मलेही बरं वाटलं, दोन पैसे येतीन. पण थंडी सरली का लगनं सुरू, आन् पोट्ट्यायचे पेपरही तवाच. खाली डीजे, वर अभ्यास. खिडक्यायचे काच थरथरत, पोट्ट्या कानात कापूस घालून वाचत. मी गुरुजीले म्हणलं, त्याईनं म्हणलं पेपरच्या महिन्यात बंद ठेवू, पण त्याच महिन्याच्या तारखा कमेटीनं पहिलेच देऊन टाकल्या होत्या.

अशाच एका लगनात जेवणवाल्याचे वाढणारे लोकं आले नाही. तो गुरुजीकडे गेला, गुरुजी म्हणे वर पोट्ट्या आहेत, त्याईले सांगतो, तेवढंच बिचाऱ्यायले चांगलं जेवण भेटन. मी भाजीले गेलती, वापस येऊन पाहते त सगळ्या खाली. आन् खोटं कायले बोलू, खुशीनं गेल्या होत्या त्या, वेणीफणी करून, चांगले कपडे घालून. किती दिवसापासून पातळ वरण खाऊन राह्यल्या होत्या, आन् खालून पुऱ्यायचा वास येऊन राह्यला होता.

त्याईच्यात पल्लवी होती, तिगावची, बारवीले. बाप किरायाची गाडी चालवते. त्या दिवशी बरात घेऊन तोच आलता, जेवून झालं का वर जाऊन पोरीले भेटतो म्हणून पंगतीत बसला. पल्लवी भाताची बकेट घेऊन वाढत वाढत त्याच्यापुढं आली. मी दारातून पाहून राह्यली होती. तिनं भात टाकला आन् मंग वर पाह्यलं. बापानं आवाज नाही चढवला. उठला, हात धुतले, तिच्या हातातली बकेट घेतली, म्हणे जाय, अभ्यासाले बस. आन् बाकीची पंगत त्यानं सोता वाढली. लोकं म्हणत अरे तू त बराती, तू काऊन वाढून राह्यला, तो पुढच्या पानावर भात टाके.

मंग वर आला, मले म्हणे, बाई, मी पोरगी शिकाले ठेवली होती. एवढंच. पेटी उचलली, आन् बरात वापस गेली त्याच गाडीत पोरीले घेऊन गेला. पेपर तोंडावर आलते.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजीच्या घरी गेली. गुरुजी म्हणे, शोभा, हॉल बंद केला त चूल बंद होते, तूच सांग मी काय करू. मी म्हणलं, गुरुजी, पोट्ट्या कमी करा, पण वाढाले लावू नका, माह्या बापानं मले असं पाह्यलं असतं त त्यानंही नेलं असतं. ते चष्मा पुसत राह्यले. त्याईच्या पेन्शनातून होस्टेलात गॅसच्या टाक्या आल्या आहेत, मले माहीत आहे, राग धराव त कोणावर.

तिथून मी तिगावले गेली. पल्लवीच्या मायनं चहा देला. बापानं इचारलं, पुढच्या लगनात नाही लावणार, असं सांगता का. मी म्हणलं लगनं बंद करणं माह्या हातात नाही, पण पोट्टी जिना उतरून खाली येणार नाही, मी जिन्यात उभी राहीन. मंग तो म्हणे, राहाले नाही पाठवत, पोरगी सकाळच्या गाडीनं येईन, तुमच्यापाशी वाचन, संध्याकाळी वापस. तसंच केलं तिनं. होस्टेलातल्या माह्या खोलीत बसे, पेपर तिथूनच देले, पास झाली. आता छिंदवाड्याले नर्सिंगचं शिकते, तिथल्या होस्टेलात ठेवाच्या आधी बाप जेवणघर पाहून आला म्हणे.

आमच्याकडे मात्र पोट्ट्या कमीच केल्या. माह्याच तोंडचा शब्द होता न, कमी करा म्हणून, तेवढा कमेटीनं धरला. औंदा नवीन पोट्टी घेतली नाही. सौसरकडून एक माय पोरगी घेऊन आलती, बिछाना बांधूनच आणलता, मले तिले वापस पाठवा लागलं, जाताना पोरगी पाया पडाले वाकली, मी कशाचा आशीर्वाद देऊ, सांगा. वरच्या रिकाम्या खोल्या आता लगनाच्या पाहुण्यायले देतात.

माह्या खोलीचंही इचारलं कमेटीनं. मी नाही देली. गावागावाहून गाडीनं येणाऱ्या पोट्ट्या आता तिथं येऊन बसतात, शाळा भरेपर्यंत. कमेटीले मी सांगतलं नाही, गुरुजीले माहीत आहे, ते काही म्हणत नाही. आताही बसल्या आहेत आतमंदी, म्हणून तुमाले मी इथं जिन्यात बसवलं. शिकू द्या बापा त्याईले, जवापर्यंत खोली आहे तवापर्यंत.