बोरगाव नेमकं कुठलं?

माणसानं रडावं, पण आधी गावाची खात्री करून घ्यावी.

आत्याच्या नणंदेचे मालक वारले, बोरगावात. दहाव्याच्या आत भेटून आलो नाही तर संबंधच तुटायचे. आत्या त्या गावाला कधी गेलेली नव्हती. नणंदच माहेरी यायची. मी मोबाईलला बोरगाव विचारलं, त्यानं नेलं. पारावर विचारलं, "मयत झालेलं घर कुठलं?" लोकांनी बोट दाखवलं.

भेटायला गेल्यावर आपल्यात कुणी काही विचारत नाही. बायका आत, पुरुष बाहेर, माना खाली. आतून आत्याचं रडणं ऐकू येत होतं. अर्ध्या तासानं शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "कुठलं पाव्हणं तुमी?"

"सोलापूर, भवानी पेठ. मालक फार चांगले होते हो."

"मालक मीच हाय की! बायकू गेली माजी."

मी हात जोडून आत्याच्या नणंदेचं सांगितलं. त्यानंच समजावलं, "तुमचं बोरगाव बोरी नदीकाठचं असंल. हितं बोरीची झाडं लई व्हती, म्हनून ह्ये बोरगाव. बार्शीकडं आनिक एक हाय, त्येचं नाव कशावरनं पडलं त्येंनाच ठावं न्हाय."

आत्या बाहेर आली. मी हळूच सांगितलं, तर म्हणाली, "मला आत गेल्या गेल्या कळलं. पण त्यांची लेक गळ्यात पडून रडत होती. तिला काय, गाव चुकलं म्हणून सोडू?"

खऱ्या बोरगावात पोचलो, तोवर आत्याचं रडून संपलं होतं. नणंद अजून सगळ्यांना सांगते, "वैनी कोरड्या डोळ्यांनी आली."