पिवळं हेल्मेट

मनोविकार केंद्राच्या बाकावर भावाची वाट बघत बसलेल्या ताईचे कान केव्हाचे शेजारच्या दोघांकडे लागले होते. एक गॅरेजवाले काका आणि एक नातवाला घेऊन आलेल्या आजी.

“आज लेक एकटी बसने आली, आजी!”

“काय सांगता! ती तर खोलीबाहेरसुद्धा येत नव्हती ना?”

“नव्हतीच. पण इथल्या घरच्यांच्या बैठकीत समुपदेशक मॅडमनी बजावलं, आता तिला एकटीला येऊ द्या, कुणी सोबत जायचं नाही.”

“मग थांबलात घरी?”

“थांबतोय कसला! स्कूटर काढली आणि लागलो बसच्या मागे. ओळखू नये म्हणून हेल्मेट घातलं.”

“हेच? हे पिवळंधमक?”

“घाईत सुचलं नाही हो! सिग्नलला बस थांबली, तशी खिडकीतून ओरडली, ‘बाबा, घरी जा!’ अख्खी बस बघायला लागली.”

“अगं बाई! लाज वाटली असेल.”

“लाज? आजी, दोन वर्षं तिचा आवाज भिंतीपलीकडे जात नव्हता. आज भर रहदारीत ऐकला मी, हेल्मेटच्या आतून!”

तेवढ्यात आतलं दार उघडून लेक बाहेर आली.

“बाबा! तुम्ही परत आलात?”

“न्यायला आलो गं, सहज.”

“मी बसनेच येणार. आणि मागे मागे यायचं नाही.”

काकांनी घाईघाईने हेल्मेट डोक्यावर चढवलं.

“काय म्हणालीस? यातून नीट ऐकू येत नाही बघ. जरा मोठ्याने बोल, आजींनाही ऐकू दे!”