या जेवायला

आपल्याकडं जेवताना समोरून कुणी चाललं की आपण 'या जेवायला' म्हणतो, अन् तो 'चालू द्या' म्हणून पुढं जातो. बसतंय का कुणी? जर्मनीत बसला ना बे!

तिथं राहायला होतो तवाची गोष्ट. रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम. म्हणून बायकोला अन् पोरीला घेऊन तळ्यावर गेलतो. गावाहून नेलेलं ज्वारीचं पीठ त्याच दिवशी संपलं. शेवटच्या चार भाकरी अन् ठेचा घेऊन चादरीवर बसलो, तर एक म्हातारा कुत्रं घेऊन चाललेला. सवयीनं माझा हात वर गेला, "या काका, जेवायला!"

म्हातारा थांबला, बूट काढले, अन् मांडी जमंना म्हणून पाय पसरून बसला.

बायकोनं मला चिमटा काढला. "अहो, चारच भाकरी हायत!"

एक भाकर खाऊन, ठेच्यानं आलेलं डोळ्यातलं पाणी पुसत म्हातारा उठाय लागला. तशी बायकोनं घाईघाईनं आपल्या वाट्याची भाकर त्याच्या ताटात टाकली.

मी म्हणलं, "अगं, तू काय खाशील?"

"राहू द्या वो," ती म्हणली. "इथं आल्यापासून पहिल्यांदा पाव्हणा आलाय. तेवढाच बसंल जरा."