मापावरची मूठ

सन्माननीय अध्यक्ष, ज्येष्ठ अडते कडूबाजी, व्यासपीठावरील आमचे मालक शंकररावजी, जनकाबाई वहिनी, नांदुरा-अमडापूरचे व्यापारी बंधू, माझे सहकारी आणि मागे उभं राहून ऐकणाऱ्या मंडळींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, वर इतकं गोड बोललात की मलाच प्रश्न पडला, ही सुचिता कोण बाई? मनापासून आभारी आहे.

बरीच वर्षं मी शंकररावजींकडे अडतीचं सॉफ्टवेअर लिहिलं. माणूस दिलदार! आपल्या बाजारात धान्य मोजलं की मापावर एक मूठ जास्त टाकतात. शंकररावजींनी ती रीत संगणकातही आणली.

आता हे कसं, ते ऐका. आपल्या काटा पावतीवर बारकोड उमटतो ना, तो छापणारा भाग आपला नाही. परदेशी कंपनीकडून रीतसर विकत घेतलेला आहे. करार सरळ आहे. छपाईची फाइल आपल्या सॉफ्टवेअरसोबत गिऱ्हाइकांना खुशाल द्या. मात्र पावतीची रचना बदलायचं अवजार आणि त्याची चावी, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, आपल्याच ऑफिसात राहिली पाहिजे. लग्नात मांडववाल्याची भांडी आणतो, तेव्हा पाहुण्यांना जेवू घालतो. भांडी बांधून देतो का?

हे मी सांगितलं, तर शंकररावजी म्हणाले, "अर्धं काऊन द्याचं बाई? पुरा फोल्डर देऊन टाका. गिऱ्हाइकाले वरची मूठ मागा लागू नये." बसा शंकररावजी, उठू नका. तुमची बदनामी करायला मी उभी नाही. मला भीती वाटते आहे, म्हणून बोलते.

मागच्या आठवड्यात अमडापूरच्या अविनाशभाऊंनी पावतीवर दुकानाचं नवं नाव टाकायला ते अवजार उघडलं. त्यांची काय चूक? आपणच दिलं होतं. अवजारानं इंटरनेटवरून चावी तपासली आणि कंपनीला कळलं. कंपनीतल्या एका बाईंचा मला फोन आला. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. फक्त विचारलं, "तुमची चावी अमडापूरला कशी?"

मग त्या म्हणाल्या, चावी आणखी कुठेही दिलेली नाही, असं जबाबदार प्रोग्रामरच्या सहीनं लिहून द्या. पुन्हा दुसरीकडे दिसली, तर परवाना रद्द. म्हणजे बारकोडचा भाग प्रत्येक दुकानातून काढायचा. ऐन कापसाच्या हंगामात काट्यावर गाड्या उभ्या आणि पावती नाही. वर कोर्ट आहेच.

ते खोटं ठरलं असतं, म्हणून मी सही केली नाही. आजचा हा निरोप समारंभ त्यामुळे आहे, प्रकृतीमुळे नाही.

उद्या त्या कागदावर माझ्या जागी आलेली नवी प्रोग्रामर, प्रतीक्षा, सही करणार आहे. पुढे बसली आहे बघा. तिची पहिली नोकरी. वडील साखरखेर्ड्याहून पेढे घेऊन आले आहेत. शंकररावजी म्हणतात, "सही तं नावापुरती असते." खरं आहे. पण नाव त्या पोरीचं आहे. उद्या कोर्टात हाक त्याच नावानं पडेल.

आणि आत्ता, मी बोलते आहे तेव्हाच, आपल्या ऑफिसातले अश्विनी आणि ऋत्विक रांगेरांगेतून पेढ्यासोबत पेनड्राइव्ह वाटत आहेत. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. सकाळी मी त्यातला फोल्डर उघडून पाहिला. पुरा आहे, अवजार आणि चावीसकट.

माझी हात जोडून विनंती आहे, पेढा खा आणि पेनड्राइव्ह जाताना दारातल्या परातीत ठेवा. घरी नेऊ नका.

कडूबाजी, चिठ्ठी मिळाली, आवरतेच. आपण सगळ्यांनी मला लेकीसारखं वागवलंत, ते मी विसरणार नाही. सत्काराच्या शालीत उभं राहून असं बोलू नये, हे मला कळतं. उणंअधिक बोलून गेले असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला...

रवीभाऊ, तिसऱ्या रांगेत, लॅपटॉप कशाला उघडलात? पेनड्राइव्हचा निळा दिवा लागलेला इथून दिसतो आहे मला. ते पावतीचं अवजार उघडू नका. रवीभाऊ, ऐकू येतंय का? प्रतीक्षा, ऊठ गं, पळ. त्यांचा हात धर.