आनंदनगरीत बांधलेला बस्ता

मंडळी, आधी एवढं सांगा. दारात आलेला माणूस आधी गिऱ्हाईक, की आधी पाहुणा? — बोला की! बरं, मग ऐका.

लातूरच्या बाह्यवळणावर एका पंखेवाल्या कंपनीनं मॉल बांधला. नाव 'झुळूक आनंदनगरी'. लिफ्टवर झुळूक, लहान मुलांच्या आगगाडीवर झुळूक, मुतारीच्या दारावरसुद्धा झुळूक! आणि आत पंखा एक नाही — सगळा एसी! उद्घाटनाला ही गर्दी! सरकता जिना, भुताचा बंगला, खोटा बर्फ... मॅनेजर मन्मथ हालकुडेला वाटलं, आपण इंद्रपुरीच चालवतोय!

पण लोक काय करायचे? इंद्रपुरीत गार वारा खायचे, फोटो काढायचे, आणि खरेदीला जायचे गावातल्या जुन्या बाजारात, गंजगोलाईत! एकेक दुकान उठू लागलं. मुंबईच्या साहेबांनी उपाय काढला — बाकडी काढा. माणूस बसला नाही तर फिरेल, फिरला तर घेईल. काय हुशारी! आणि मन्मथनं मुकाट बाकडी उचलली.

राहता राहिलं दरकशेठचं साड्यांचं दुकान. शेठनं बजावून ठेवलं होतं, या लगीनसराईत बस्ते बांधले गेले नाहीत तर मी कुलूप लावणार. शेठ गेला की नगरी बंद, आणि मन्मथ घरी!

आणि एका दुपारी आले हो! क्रूझर भरभरून आले — दोन्हीकडचे व्याही, आत्या, माम्या, भाकरीची गाठोडी! रखवालदारानं दारातच अडवलं. गाठोडी बाहेर ठेवा, खाली बसायचं नाही, दुकानात थोडेच जण जा.

नवरीची आत्या गयाबाई मन्मथसमोर आली. म्हणाली, "लेकरा, बस्त्याला आलोय. दोन घरची माणसं बसल्याबिगर लुगडं पसंत होतंय व्हय? उभ्यानं घ्यायला ते काय औषध हाय?"

आणि वळली की गाडीकडं!

 मन्मथच्या बहिणीचा बस्ता असाच दिवसभर बसून झाला होता. रुसवे निघाले, चहा झाले, तेव्हा कुठं गाठोडं बांधलं. हे त्याला ठाऊक होतं — आणि तरी बाकडी त्यानंच उचलली होती! तो धावला. आत्याला हात जोडून आत आणलं. मधल्या चौकात फरशीवर कंपनीचं भलंमोठं चिन्ह कोरलेलं. त्यावरच गाद्या अंथरल्या! शेठनं साड्या उलगडल्या, भाकऱ्या सुटल्या, व्याही भांडले, हसले — बस्ता बांधला!

तेवढ्यात मुंबईहून फोन. साहेबाला कॅमेऱ्यात सगळं दिसलं होतं.

"हालकुडे, लोक आपल्या लोगोवर बसून ठेचा खातायत."

"हो साहेब. तिथं आज पहिल्यांदाच कुणीतरी थांबलंय."

मन्मथची नोकरी गेली. शेठ राहिला, नगरी राहिली. बस्त्यांची रीघ लागली! आणि कंपनीनं काय केलं? चौकात कायमच्या गाद्या टाकल्या — आणि बसायला तिकीट लावलं!

हसताय? हसू नका. या कीर्तनाच्या मंडपात पुढं बघा. देणगीदारांचे सोफे, निम्मे रिकामे! आणि मागं म्हाताऱ्या खांबाला टेकून उभ्या. अरे, पांडुरंग विटेवर उभा आहे म्हणून त्यांनाही उभंच ठेवायचं?

उठा. सोफे मोकळे करा. आयांनो, पुढं या, बसा. तुम्ही बसल्याशिवाय या तोंडातून देवाचं नाव निघायचं नाही!